जाळ्याचा वाटा

सर्कस काढतोय म्हटल्यावर वाडीत पहिला प्रश्न आला तो वाघाचा. "वाघ खंय?" हे आजवर मला इतक्या जणांनी विचारलंय की हल्ली मी उत्तर देत नाही, नुसतं मावसभावाकडे बोट दाखवते. सुरुवातीला मात्र बसून समजावायचे. वाघ, सिंह, बिबटे, अस्वलं, माकडं यांचे खेळ करायला सरकारनं १९९८ मध्येच बंदी घातली, सर्कसवाले कोर्टात गेले, २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बंदी कायम केली, वगैरे. समोरचा मान डोलवायचा आणि म्हणायचा, "तां खरा गो. पण मगे लोकांनी काय तुमची तोंडा बघूची?"

प्रश्न रास्त होता. २०१९ च्या त्या उन्हाळ्यात आमच्यापैकी कुणाकडेच त्याचं उत्तर नव्हतं. एक सुती दोर, दोन लिटर एरंडेल, तांदूळ भरून शिवलेले बारा चेंडू आणि पाच माणसं, एवढीच सर्कस होती.

आमचं घर मालवण तालुक्यात, समुद्राच्या हाकेवर. बाबा रापणीत, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढायच्या मासेमारीत. चौथीनंतर मला परळला मामाकडे शिकायला धाडलं, आणि पोरगी संध्याकाळची रडत बसते म्हणून मामीनं व्यायामशाळेत नेऊन सोडलं. तिथे दोरीचा मल्लखांब भेटला. वरून सोडलेला बोटाएवढा जाड दोर पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या बेचक्यात धरून चढायचं. दोराला गाठ कुठेच मारायची नाही; अंगाभोवतीचे वेढे आणि स्वतःचं वजन, यांवरच सगळी आसनं. मांड्यांना, काखेला, पोटऱ्यांना दोर काचतो. पहिली दोन वर्षं माझ्या अंगावर कायम लाल वळ असायचे आणि मामी शेजारणींना सांगत फिरायची की पोरीला आम्ही मारत नाही हो.

पुढे मी मुंबईतच एका शाळेत पी. टी. ची बाई झाले. नोव्हेंबर २०१८ मध्ये कॅनडाच्या सर्क दु सोलेचा तंबू पहिल्यांदा भारतात, मुंबईत पडला. तिकीट माझ्या पगाराच्या मानानं अंगावर येणारं होतं, तरी काढलं. त्यांच्या खेळात मल्लखांब होता. मला धक्का बसला तो कसरतीचा नव्हे; त्याहून अवघड अढ्या, म्हणजे खांबाभोवतीच्या पायांच्या पकडी, मी आमच्या व्यायामशाळेतल्या पोरांना मारताना पाहिलं होतं. धक्का हा की इथे कुणी गुण देत नव्हतं. आम्ही आयुष्यभर घड्याळाशी शर्यत लावली: चढ, दाखव, उतर, सलामी. इथे माणसाला खांबावर नुसतं असायची मुभा होती.

मग मी वाचत सुटले. सोलेचं मूळ क्वेबेकमध्ये, सेंट लॉरेन्स नदीच्या काठावरच्या बे-सँ-पॉल नावाच्या लहानशा गावात निघालं. उंच काठ्यांवर चालणाऱ्या, रस्त्यावर खेळ करणाऱ्या पोरांनी सुरू केलेलं ते प्रकरण, १९८४ मध्ये त्याची कंपनी झाली. त्याच्या आधी, १९७८ मध्ये, मेलबर्नला सर्कस ऑझची मंडळी जनावरांशिवाय, सगळ्यांनी मिळून चालवायची सर्कस करू लागली होती. कंबोडियात बट्टमबांगला निर्वासित छावणीतून परतलेल्या तरुणांनी १९९४ मध्ये चित्रकलेची शाळा काढली आणि तिला पुढे सर्कशीची शाळा जोडली. या सगळ्यांत मला आवडलं ते हे, की सुरुवातीला कुणाकडेच फारसं काही नव्हतं आणि जागाही राजधानीबाहेरच्या होत्या.

आणि आपल्याकडे? चिआरिनीची इटालियन सर्कस मुंबईत आली, ती पाहून विष्णुपंत छत्र्यांनी स्वतःची उभी केली, आणि २० मार्च १८८० ला मुंबईत तिचा पहिला खेळ झाला. भारतातली पहिली सर्कस मराठी माणसानं काढली हे मला, दोरावर दहा वर्षं काढलेल्या बाईला, तिशीला येईपर्यंत ठाऊक नव्हतं. पण छत्रे घाटावरचे. कोकणी माणूस नाटक म्हटलं की अर्ध्या झोपेतून उठून बसतो. सर्कस त्याला दुसऱ्यांची वाटते.

मे महिन्याच्या सुट्टीत गावी आले ती राजीनामा देऊनच. पाच जण जमलो. मी. माझा मावसभाऊ, जो मुंबईत दहीहंडीच्या थरांत खालून दुसरा असायचा आणि आता वेंगुर्ल्याला मोबाइलचं दुकान चालवत होता. एक जिम्नॅस्ट मुलगा, ज्याच्या गुडघ्यानं स्पर्धा सोडायला लावली होती. दशावतारातले काका, ज्यांनी तीस वर्षं स्त्रीपार्ट केला होता. आणि पाचवी, तारेवर चालणारी, कोल्हापूरकडची.

"डोंबाऱ्याचो खेळ करतलंस?" बाबांनी विचारलं तेव्हा पाचवी आमच्याच लोट्यावर, म्हणजे ओसरीवर, चहा पीत बसली होती आणि ती त्याच समाजातली होती. तिच्या आई-आजीनं आठवडा बाजारात बांबूच्या कैच्यांवर दोर ताणून पोट भरलं. ती स्वतः बी. कॉम. च्या शेवटच्या वर्षाला, आणि लहानपणीचा तो दोर कायमचा मागे टाकायच्या बेतात. तिनं बाबांकडे पाहिलंसुद्धा नाही. कप ठेवला आणि मला म्हणाली, "ताई, मी येते. पण मी थाळी फिरवणार नाही. कुणीच फिरवायची नाही." आमच्या सर्कशीचा हा पहिला नियम. तो लिहून ठेवायची गरज कधी पडली नाही.

आता जागेचं. मल्लखांबाच्या दोराला, वर चढून काही करायचं तर, पाच-साडेपाच मीटर उंची हवी. कोकणातली घरं पावसाला पाठ देऊन बसलेली, उतरत्या छपरांची; आमच्या मांगरात, म्हणजे शेतावरच्या खोपीत, मी हात वर केला तर वाशाला लागतो. शेवटी एक बंद पडलेली भातगिरण मिळाली. चिऱ्याच्या भिंती, मंगळुरी कौलं, उंच कैचीवर टेकलेलं छप्पर. आम्ही हरखलो. सुताराला बोलावलं. त्यानं शिडी लावली, तुळईवर हातोडीनं टकटक केलं, कान लावला, खाली उतरला आणि विडी पेटवली. वाळवी. आतून पोकळ. "हेका कपडे वाळत घाल," म्हणाला, "माणूस नको."

म्हणजे छपराला काही टांगायचं नाही. आमचं आपलं उभं राहणारं काहीतरी हवं. तिथे पाचवीची कैची कामाला आली. दोन बांबू वरच्या टोकाशी एकमेकांत अडकवून बांधायचे, खाली पाय फाकवायचे. अशा दोन कैच्या समोरासमोर, मधे दोर, आणि दोन्ही बाजूंना ताण देणारे दोर जमिनीत पक्के. आम्ही बांबूऐवजी लोखंडी पाइप वापरले, पण बांधणी तिच्या आजीची. ती शिकवताना तिच्या तोंडून आजीची बोलीच बाहेर यायची आणि मधेच लाजून ती पुन्हा कॉलेजातलं मराठी बोलू लागायची.

गिरणीतल्या कोब्यावर हे जमलं. किनाऱ्यावर नेलं आणि फजिती झाली. वाळू पडायला मऊ, म्हणून सर्कशीला सोन्यासारखी जागा असं मला वाटत होतं. पण वाळूत मेख राहत नाही. दोन फुटांच्या लोखंडी मेखा ठोकल्या, दोर ताणला, मी दोरावर पाय ठेवला आणि मेखा लोण्यातून सुरी निघावी तशा वर आल्या. जिम्नॅस्टनं मोबाइलवर गणित मांडलं. मी ५५ किलोंची. नुसती लोंबकळले तर ५५. पण वेढा सोडून खाली येत झटक्यात थांबले, तर त्या क्षणी दोराला अडीचशे-तीनशे किलोंचा हिसका बसू शकतो. आणि माणूस टांगायचा तर सामान अपेक्षित ओझ्याच्या दहापट तरी ताकदीचं हवं, असं या धंद्यातले लोक धरून चालतात. कॅराबिनरवर, म्हणजे दोर अडकवायच्या कडीवर, २२ केएन (किलोन्यूटन) असं कोरलेलं असतं, म्हणजे साधारण बावीसशे किलो. कडी बावीसशे किलोंची आणि मेख लोण्यातली!

बाबा सुरूच्या झाडाखाली जाळं विणत बसले होते. चार दिवस त्यांनी काहीही न बोलता आमची मजा पाहिली. पाचव्या दिवशी उठले. "मेख ऱ्हवता काय वाळूत कधी? आधी नांगर टाकूक शिक." त्यांनी कमरेइतका खोल चर खणायला लावला, समुद्राला आडवा. त्यात माडाच्या खोडाचा चार फुटी ओंडका आडवा ठेवला, त्याच्या मधोमध दोर बांधला, दोर बाहेर काढायला तिरकी वाट खणली आणि वाळू परत लोटून पाणी ओतत ओतत तुडवली. ओंडका वर यायचा तर त्यानं आपल्याबरोबर डोक्यावरची सगळी वाळू उचलायला हवी. तो आला नाही. आम्ही पाचही जण त्या दोराला लटकलो, तरी आला नाही. पुढे कळलं की गिर्यारोहक बर्फात आणि तंबूवाले भुसभुशीत जमिनीत हेच करतात आणि त्याला भारदस्त नावही आहे. बाबांकडे नाव नव्हतं. ते परत जाळ्यापाशी जाऊन बसले. सर्कशीबद्दलचं त्यांचं मत तसूभरही बदललेलं नव्हतं.

पहिला पावसाळा आम्ही वाया घालवला असं मी तेव्हा म्हणायचे. खरं तर पावसाळ्यानं आम्हाला वाया घालवलं. जुलैत सगळे आपापल्या कामाला लागले. गिरणीला कुलूप. ऑगस्टच्या शेवटी दार उघडलं तर सुती दोरावर काळी बुरशी, कॅराबिनरची तोंडं गंजून बंद, आणि ज्या फिरकीवर दोर गरगर फिरायचा ती हातोडीनंही हलेना. खारा वारा काय करतो हे मला लहानपणापासून दिसत होतं, सायकलच्या चाकांवर, खिडकीच्या गजांवर. पण आपल्या सामानाच्या बाबतीत माणूस आंधळा असतो. मुंबईतल्या दुकानदारानं "आयुष्यभर टिकेल" असं सांगितलेलं. त्याचा समुद्राशी संबंध चौपाटीपुरता असावा.

तेव्हापासूनची पद्धत अशी. लोखंडी काही घ्यायचं नाही, जिथे ताकद पुरते तिथे ॲल्युमिनियमचं किंवा चांगल्या प्रतीचं स्टेनलेस. प्रत्येक खेळानंतर सगळ्या कड्या गोड्या पाण्यात बुडवून, पुसून, वाळवून ठेवायच्या. दोर पोत्यात कोंबायचा नाही, आढ्याला सैल वेटोळं करून टांगायचा. एरंडेल लाकडी मल्लखांबाला. सुती दोराला तेलाचा हात लागू द्यायचा नाही. आणि दोर कधी घेतला ते वहीत लिहायचं, कारण जुना दोर दिसायला नव्यापेक्षा देखणा असतो, अंगाला मऊही लागतो, आणि फसवतो.

नोंदणीचं थोडक्यात सांगते, कारण तो भाग मला अजून नीट हसून सांगता येत नाही. १८६० च्या कायद्याखाली संस्था करायची तर किमान सात सभासद लागतात. आम्ही पाच; सहावी आई, सातवी मावसभावाची बायको. उद्देशाच्या रकान्यात काय लिहायचं यावर एका कार्यालयात आमचे तीन हेलपाटे झाले. क्रीडा म्हटलं तर खेळ कुठला, नाटक म्हटलं तर संहिता कुठे. शेवटी तिथल्या एका सज्जन माणसानं सुचवलं, "सर्कस शब्द काढा, लोककला घाला, उद्या होऊन जाईल." आम्ही शब्द काढला नाही. उद्या काही झालं नाही. बरेच उद्या गेले. विम्याच्या माणसांनी तर आम्हाला चहा पाजला आणि हसून वाटेला लावलं.

त्या काळात खरं काम केलं ते काकांनी. गुडघे गेलेले, कसरत शून्य. रोज संध्याकाळी गिरणीत खुर्ची टाकून बसायचे आणि काही बोलायचे नाहीत. एक दिवस मी दोरावरचा सगळा सराव एका दमात, न चुकता केला. खाली उतरून त्यांच्याकडे पाहिलं. "हातपाय झकास," म्हणाले, "पण थोबाड मेलेला."

दशावतारात लिहिलेली संहिता नसते. कथा ठरते आणि माणूस उभा राहून बोलतो. काका सांगायचे, प्रवेश घेतल्यावर पहिल्यांदा समोरच्याला कळलं पाहिजे की तुला काय हवंय. मग तू गाणं म्हण, युद्ध कर, नाही तर उलटी लटक. ते आम्हाला दोराकडे चालत जायला लावायचे, वीस वीस वेळा. चढायचं नाही, फक्त चालत जायचं. "कोणाक भेटूक चाललंस?" ते मला विचारायचे. मी दोराला भेटायला चालले होते, दुसरं कोण? हे मला समजायला महिना गेला. जिम्नॅस्ट या सगळ्यावर वैतागून दोनदा निघून गेला आणि दोनदा परत आला.

पहिला खेळ जानेवारी २०२० मध्ये, जवळच्या एका गावच्या जत्रेत. काकांच्या ओळखीनं मिळाला. रात्री दशावतार उभा राहायच्या आधी देवळाच्या आवारात बावीस मिनिटं. दहा वाजता लाऊडस्पीकर बंद होणार, म्हणून नऊला सुरुवात. आवारात आधीच खाजेवाल्यांच्या पेट्रोमॅक्सच्या जागी आलेले पांढरेफेक दिवे, मालवणी खाज्याचा आल्या-गुळाचा वास, फुगे, बायकांच्या ओटीच्या रांगा. आम्ही कैच्या उभ्या करत होतो तर गावकर आले. म्हणाले, थांबा, गाऱ्हाणं झाल्याशिवाय दोराला हात लावायचा नाही.

त्यांनी नारळ हातात घेतला आणि सुरू केलं. "बा देवा म्हाराजा..." मागून सगळ्या मानकऱ्यांचं "व्हय म्हाराजा!" "ही पोरां आज तुझ्या दारात उलटी-सुलटी होतली, तेंका सांभाळ रे म्हाराजा." "व्हय म्हाराजा!" "तेंचो दोर तुटू देव नको, कोणाची हाडा मोडू देव नको रे म्हाराजा." "व्हय म्हाराजा!" "आणि काय चुकला-माकला आसात तर पदरात घे रे म्हाराजा." "व्हय म्हाराजा!" पाचवी माझ्या शेजारी उभी होती. तिच्या घरच्यांनी आयुष्यभर देवळाबाहेर खेळ केला होता. ती शेवटच्या "व्हय म्हाराजा"त सामील झाली, जरा उशिरा आणि जरा मोठ्यानं.

खेळ कसा झाला? निम्मे लोक खाजं खात होते. मावसभावाचे दोन चेंडू सुटले, त्यातला एक फुटून तांदूळ सांडले आणि कोंबडी आली. तिला टाळ्या मिळाल्या. मी दोरावर गेले. वर पोचल्यावर एक आसन लावून थांबले, काका म्हणायचे तशी, कुणी तरी येणार असल्यासारखी. आवार एकदम गप्प झालं असं म्हणायला मला आवडेल. तसं झालं नाही. पण पुढच्या चार रांगा गप्प झाल्या. उतरल्यावर एक म्हातारे गृहस्थ पुढे आले, काठी टेकत. "ह्या काय ता कळाक नाय," म्हणाले, "पण परत एकदा करा बघया."

तेवढ्यात कुणी तरी पाचवीसमोर शंभराची नोट धरली. कौतुकानंच. दशावतारात नटाला असं बक्षीस देतात, त्यात कमीपणा नाही. ती मात्र दगड झाली. काकांनी कुठून तरी लंगडत येऊन ती नोट घेतली, माइकवर देणाऱ्याचं नाव पुकारलं आणि नोट देवीच्या पेटीत टाकली. शंभर रुपये गेले. पण तिथून पुढे बक्षिसाचं आमचं हेच ठरलं.

फेब्रुवारीत दुसरा खेळ, किनाऱ्यावर. तेव्हा रात्री दव पडतं. दिवे लावून तासभर झाला की पाइपवर घाम आल्यासारखं पाणी. कोरडं फडकं फिरवायचं काम कुणाचं हे ठरलेलं नव्हतं, म्हणून ते कुणीच केलं नाही. मावसभाऊ आठ फुटांवरून घसरला आणि वाळूवर न पडता गादीच्या कडेवर, खांद्यावर पडला. गळ्याजवळचं हाड मोडलं. तीन आठवडे हात बांधलेला, दुकान बंद. खर्च मी माझ्या शिलकीतून केला आणि त्यावरून त्याच्या बायकोशी माझं वाजलं. ती म्हणाली हे उपकार झाले, सर्कस नव्हे. तिचं बरोबर होतं.

बाबांनी एवढंच विचारलं, "जाळ्याचो वाटो काढलास?"

रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. होडीनं ते समुद्रात गोल टाकत नेतात आणि दोन्ही टोकांना पन्नास-साठ माणसं लागून ओढतात. मासळीचे पैसे आले की वाटे पडतात. आमच्या रापणीत माणसाला वाटा तसा जाळ्याला वाटा, होडीला वाटा. जाळं फाटणार, होडी गळणार, हे आधीच धरलेलं. आणि येता-जाता कुणी दोराला हात लावला तर त्यालाही मूठभर मासे. आम्ही काय केलं होतं? दोन्ही खेळांचे मिळून आलेले साडेसात हजार पाच जणांत सरळ वाटून टाकले होते. जन्मभर जे डोळ्यांसमोर होतं ते वहीत आणायला एक हाड मोडावं लागलं.

मग वहीचं नवं पान. पाच माणसांचे पाच वाटे, सहावा सामानाचा, सातवा हाडांचा. सातव्याला हाडांचा हे नाव मावसभावानंच दिलं. काकांनी विचारलं, मी तर वर चढत नाही, माझा वाटा अर्धा का? अर्धा कुणी म्हटलंच नव्हतं. तेच तसं धरून बसले होते.

त्या वहीत पुढचं पान भरायला दोन वर्षं लागली. मार्चात टाळेबंदी आली. मावसभाऊ स्कूटरवरून मासे विकू लागला, पाचवी कोल्हापूरला अडकली, जिम्नॅस्टनं पुण्यात नोकरी धरली. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून गेलं. आमच्या वाडीत कितीतरी दिवस वीज नव्हती, माड आडवे, होड्या एकमेकींवर. गिरणीची अर्धी कौलं गेली आणि ती पोकळ तुळई खाली आली, बरोबर आम्ही जिथे दोर टांगणार होतो तिथे. सुतार येऊन बघून गेला. काही बोलला नाही, पण विडी मात्र समाधानानं ओढली. गाद्यांत पाणी शिरलं होतं. ऑक्टोबरपर्यंत वाळवून पाहिल्या, मग टाकल्या.

२०२२ च्या फेब्रुवारीत आम्ही पहिला पूर्ण खेळ केला. पन्नास मिनिटांचा, रापणीवर. वेळ भरती-ओहोटी बघून काढली. एक लांब दोर समुद्राकडून येतो, तो ओढत ओढत सगळा खेळ पुढे सरकतो, आणि त्याच दोरावर आम्ही चढतो, चालतो, लटकतो. रंगीत तालमीला वाडीतल्या बायका येऊन बसल्या. पाच मिनिटं झाली नाहीत तोवर एक आजी उठल्या. "दोर असो ओढतत? हातान न्हय, टाचेन." त्यांनी पदर खोचला, दोर घेतला आणि टाच वाळूत रुतवून मागे वजन टाकलं. सत्तरीच्या बाईची पाठ धनुष्यासारखी. काकांनी माझ्याकडे पाहिलं. त्या पाठीकडे पाहून आम्ही पुढचे तीन आठवडे सगळ्या खेळाची चाल बदलली.

तिकीट पन्नास रुपये ठेवलं. आणि मी हौसेनं जाहीर केलं की रापणीच्या रिवाजाप्रमाणे, मांडामांडीच्या वेळी जो दोराला हात लावेल त्याला खेळ फुकट. पहिल्या रात्री दोराला हात लावायला साठ जण हजर. तिकिटं गेली तेरा. दुसऱ्या रात्रीपासून पहिल्या दहा जणांपुरतं केलं, तर साडेतीन वाजल्यापासून रांग.

त्यानंतर खेळ मिळत गेले, शाळा, महोत्सव, हॉटेलं. एका हॉटेलनं पैसे आठ महिने लटकवले. लटकण्यात आम्हीच तरबेज अशी आमची समजूत होती. जिम्नॅस्ट दुसऱ्या वर्षी परदेशी जहाजावर काम मिळून गेला. पगार ऐकून कुणालाच राग धरता आला नाही. त्याच्या जागी वाडीतल्याच दोन मुली आल्या, दोघी अठरा पूर्ण केलेल्या. सर्कशीत लहान मुलांना कामाला लावू नये असा सर्वोच्च न्यायालयाचा २०११ चा निकाल आहे, आणि तो नसता तरी पाचवीनं दुसरं काही चालू दिलं नसतं. चौदा वर्षांच्या पोरी घेऊन येणाऱ्या आयांना ती एकच सांगते: शिकवीन, खेळात घेणार नाही.

रापणीच्या खेळाचे पैसे वाटायला बसलो ती रात्र राहिली. चांगली रक्कम होती, निदान आमच्या मानानं. वही उघडली. पाच माणसं, सामान, हाडं. बाबा लोट्यावर पाठ करून बसलेले. मी बेरीज मोठ्यानं वाचली तशी ते न वळता म्हणाले, "आणि नांगराचो?"

आम्हाला वाटलं, थट्टा. थट्टा नव्हती. ओंडका त्यांचा, चर त्यांच्या देखरेखीखाली खणलेला, आणि प्रत्येक खेळाआधी दोराला कान लावून "चला" म्हणायचे तेही तेच. मी म्हटलं, नांगर सामानात धरलाय. ते म्हणाले, होडीत नांगर असतो म्हणून नांगर टाकणारा होडीत धरत नाहीत. मावसभाऊ त्यांच्या बाजूनं, पाचवीही त्यांच्या बाजूनं, काका तटस्थ. दोन रात्री भांडण चाललं, आई मधे पडली, आणि अर्ध्या वाट्यावर मिटलं. पाचवीनं वहीत लिहिलं: नांगर, अर्धा.

पुढच्या खेळाला बाबांनी न सांगता दोन्ही बाजूंना एकेक ओंडका जास्त पुरला, आणि रात्री जेवताना पूर्ण वाट्याचा विषय काढला.